परभणीचे ४३, रत्नागिरीचे ३३

निघायच्या आधी

मे महिन्याच्या मध्याला कोकणात कशाला जाता, असं शेजाऱ्यांनी विचारलं, तेव्हा धाकट्या भावाने उत्तरादाखल मोबाइलच पुढे केला. परभणी कमाल ४३. रत्नागिरी कमाल ३३, आणि आठवडाभर तिथे तीच माळ: ३३, ३३, ३४, ३३. दहा अंशांचा फरक बघून आत्या म्हणाली, "काय बाई, म्हंजे महाबळेश्वरलाच चाललो की आपण!" एसीच्या खोल्या घ्यायच्या नाहीत, हे तिथेच ठरलं.

आबांचं हवामान बघणं शेतकऱ्याचं. कृषी विद्यापीठाचा मंगळवार-शुक्रवारचा सल्ला ते वाचतात, पंजाबराव डखांचा अंदाज गावाच्या ग्रुपवर येतोच, आणि वीज पडायच्या भीतीने फोनमध्ये 'दामिनी' ॲप ठेवलंय. त्यांनी मुंबईच्या प्रादेशिक हवामान केंद्राचं कोकण-गोव्याचं पान उघडून आकड्यांखालच्या ओळी मोठ्याने वाचल्या. आठवड्याच्या सुरुवातीला 'तुरळक ठिकाणी उष्ण व दमट हवामान'. शुक्रवारी रंग पिवळा: तुरळक ठिकाणी मेघगर्जना, ताशी ४० ते ५० किलोमीटर वेगाचे वारे, हलका ते मध्यम पाऊस. "पिवळा म्हंजे लक्ष ठिवा. नारिंगी आला की तयारीत ऱ्हायचं, लाल आला की हलायचं," त्यांनी सगळ्यांना बजावलं. मग आमचं सगळ्यांचं लक्ष त्या शुक्रवारकडेच लागून राहिलं.

रविवार: परभणी ते कोल्हापूर

पहाटे निघालो. गंगाखेड, परळी, अंबाजोगाई करत लातूरला चहा. तिथून रत्नागिरी-नागपूर महामार्ग धरला की तुळजापूर, सोलापूर, सांगोला, मिरज, कोल्हापूर आणि थेट समुद्र. आमच्या भागातून कोकणात जायला इतका सरळ रस्ता आहे, हे अजून बऱ्याच जणांना माहीत नाही.

सांगोल्याजवळ दुपारी दोनला गाडीबाहेर उतरलो तर झळा चेहऱ्यावर चटके देत होत्या. आबांनी उपरणं भिजवून डोक्याला गुंडाळलं. दहा मिनिटांत ते कडक वाळलं, पण तेवढा वेळ डोकं गार राहिलं. आपल्याकडच्या उन्हाळ्याची सगळी युक्ती एवढीच असते: पाणी मारा, वारा लागू द्या. कूलर असो, वाळ्याचा पडदा असो की अंगणातला माठ, सगळे त्याच तत्त्वावर चालतात.

मिरज आलं तेव्हा आत्याने हात जोडले. देवळाला नाही, रेल्वे स्टेशनच्या दिशेला. तिचं सासर लातूरचं. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला रेल्वेने पाणी गेलं ते इथूनच. "ह्या गावाचं पाणी प्यालोय आम्ही," एवढंच म्हणाली. कोल्हापूरला मुक्काम केला. रात्री पश्चिमेचा वारा सुटला आणि पांघरूण घ्यावंसं वाटलं, त्यामुळे पुढच्या ३३ अंशांबद्दलच्या अपेक्षा आणखी वाढल्या.

सोमवार: आंबा घाट आणि ओली काच

मलकापूरच्या पुढे हवा छान होती. आंबा घाटात खिडक्या उघड्या टाकून उतरलो, मग गरम व्हायला लागलं म्हणून काचा वर करून एसी लावला. साखरप्याच्या आसपास समोरची काच धुरकट झाली. भावाने आतून फडका मारला, काही फरक पडेना. शेवटी वायपर चालवला आणि काच लख्ख झाली. दव बाहेरून धरलं होतं, भर दुपारी बारा वाजता! चहाला उतरलो तर माझा चष्माही तसाच झाला आणि मी टपरीवाल्यापुढे आंधळ्यासारखी उभी राहिले.

त्यामागचं कारण साधं आहे. हवेत वाफ इतकी होती की तिचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला वाफेचं पाणी व्हायला लागतं तो आकडा, २६ अंशांच्या पुढे होता. गाडी आतून २३ ला गार केलेली, म्हणून बाहेरच्या वाफेचं काचेवर पाणी झालं. आपल्याकडे मे महिन्यात ४३ अंशांच्या कोरड्या दुपारी दवबिंदू दहा-बारावर असतो. घाम आला की लगेच उडून जातो, आणि जाताना अंग गार करून जातो. कोकणात घाम येतो, पण उडायला हवेत जागाच नसते, त्यामुळे तो नुसताच ओघळत राहतो.

गणपतीपुळ्याजवळच्या वाडीत एका काकूंकडे उतरलो होतो. जांभ्या दगडाचं कौलारू घर, मागे पोफळी म्हणजे सुपारीची झाडं, पुढे खळं म्हणजे अंगण. खोलीत शिरताच आबांनी चारी कोपऱ्यांत नजर फिरवून विचारलं, "कूलर कुठं ठिवलाय?"

काकू हसल्या. "कूलर लावलात तर भिंतींना बुरशी येईल हो. आमच्याकडे पंखा, नाहीतर एसी."

पंखा होता. तोच घाम फिरवत होता. रात्री मी फोन पाहिला: २७ अंश. परभणीचा किमान आकडाही जवळपास तेवढाच होता. पण परभणीत गच्चीवर पाणी शिंपडून गादी टाकली की मध्यरात्रीनंतर चादर ओढावी लागते. इथे मध्यरात्रीनंतर उशीच ओली. मे महिन्यात अरबी समुद्राचं पाणीच ३० अंशांच्या आसपास असतं, मग रात्र गार होणार कशाने? एक वाजता लाईट गेली आणि आत्या अंधारातून बोलली, "महाबळेश्वर म्हणं!"

जाणाऱ्यांसाठी: कोकणाचा अंदाज बघताना कमाल तापमानाच्या शेजारी आर्द्रता बघा. ३३ अंश आणि ७० टक्के आर्द्रता असेल तर अंगाला ते ४३ च्या घरात जाणवतं. म्हणजे परभणी मागे राहिलीच नव्हती, सोबत आली होती. हवामान खात्याचा उष्णतेच्या लाटेचा निकषही म्हणूनच वेगळा आहे. मैदानी भागात कमाल तापमान किमान ४० असल्याशिवाय लाटेचा विचार होत नाही, किनाऱ्यावर मात्र ३७ पासूनच होतो. दोन्हीकडे सहसा ते त्या ठिकाणच्या सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी तरी जास्त असावं लागतं. मे महिन्यात एसीची खोली ही चैन समजू नका, विशेषतः म्हातारी माणसं सोबत असतील तर. आम्ही दुसऱ्या दिवशी सकाळीच खोली बदलून घेतली.

मंगळवार: दशम्या, आमसुलं आणि वाळवण

सकाळी सात ते दहा हा दिवसाचा सगळ्यात वाईट वेळ निघाला. झाडाचं पान हलेना. शाळेत खारे वारे आणि मतलई वारे पाठ केले होते, ते इथे अंगावर कळले: रात्रीचा जमिनीवरून समुद्राकडे जाणारा मतलई वारा संपतो आणि समुद्रावरून येणारा खारा वारा सुरू व्हायचा असतो, त्या मधल्या वेळात हवा जागच्या जागी उभी. अकराच्या सुमाराला पोफळीचे शेंडे हलायला लागले आणि सगळ्यांना बरं वाटलं. पुढचे दिवस आम्ही याच वेळापत्रकावर काढले. देवळात, गडावर पहाटेच जायचं, मधला वेळ सावलीत, अकरानंतर वारा लागेल अशा ठिकाणी. आरे-वारेच्या रस्त्यावर वरच्या वळणावर संध्याकाळी थांबलो तेव्हा वाऱ्याने बोलणं ऐकू येत नव्हतं आणि भाची पहिल्यांदा म्हणाली की तिला इथे आवडतंय.

त्याआधी सकाळी डबा उघडला होता. आत्याने दुधातल्या दशम्या, धपाटे, शेंगदाण्याची चटणी असा आठवड्याचा बंदोबस्त करून आणला होता. आमच्याकडे दशमी चार-पाच दिवस सहज जाते, कडक होते एवढंच. इथे तिसऱ्या दिवशी दशमी मोडली तर तुकड्यांमध्ये कोळ्याच्या जाळ्यासारखी बारीक तार ताणली गेली. वास आंबूस. धपाट्यांवर हिरवे ठिपके. आत्याला फार लागलं ते. डबाभर अन्न टाकायचं तिच्या जिवावर आलं. काकूंनी तिला स्वयंपाकघरात नेऊन मिठाची बरणी दाखवली: मिठात तांदळाचे दाणे टाकलेले, तरीही तळाला पाणी सुटलेलं. "इथे दुपारची पोळी रात्रीला नाही टिकत. तुम्ही मनाला लावून घेऊ नका."

मग दोघींचं जे जमलं ते जमलंच. खळ्यात काकूंची आमसुलं पसरलेली होती. कोकमं फोडून, बिया काढून, सालं त्यांच्याच रसात बुडवायची आणि उन्हात घालायची, पुन्हा रस, पुन्हा ऊन, असं चार-पाच वेळा. प्रत्येक वेळी साल आणखी काळी आणि चिकट होत जाते. आत्या बोटांनी एकेक साल उलटी करत बसली, तळवे जांभळट लाल झाले. काकूंच्या फोनवरही तेच पिवळ्या शुक्रवारचं पान उघडलेलं होतं. त्यांना मेघगर्जनेशी देणंघेणं नव्हतं. मधले ऊन पडणारे दिवस किती, एवढंच त्या मोजत होत्या. शेजारी सुपात आंब्याचं साट वाळत होतं, त्याचाही तोच हिशेब.

"किती दिवस लागतात ह्याला?" आत्याने विचारलं.

"ऊन कडक असलं तर आठवडा. मळभ आलं की देवाक काळजी."

"आमच्या गच्चीवर कुरडई सकाळी घातली की दुपारी उचलावी लागती, न्हाई तर तडकती!" आत्याच्या आवाजात परभणीचा इतका अभिमान मी याआधी ऐकला नव्हता.

जेवायला फणसाची भाजी, तांदळाची भाकरी, सोलकढी. आबांना भाकरी पांढरी का, हा प्रश्न शेवटपर्यंत पडला. सोलकढी मात्र त्यांनी तीनदा मागून घेतली.

बुधवार: पावस, टँकर, मालवण

सागरी महामार्गाने खाली निघालो. पावसला स्वामी स्वरूपानंदांच्या समाधीपाशी थंड फरशीवर बसलो, उठवत नव्हतं. पुढे पूर्णगड, आडिवरे, जैतापूर. रस्ता सुंदर पण वळणावळणाचा, गुगल सांगतं त्यापेक्षा दीड तास जास्त धरा.

जैतापूरच्या अलीकडे एका वाडीजवळ रस्त्याच्या कडेला टँकर उभा होता. बायका-पोरं हंडे, कळशा, निळे ड्रम घेऊन. आबांनी भावाला गाडी थांबवायला लावली. खाली उतरून ते नुसते बघत राहिले. रत्नागिरीत वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आमच्याकडे ९०० च्या आसपास. तरी मे महिन्यात इथेही टँकर! तिथल्या एका गृहस्थांनी पायाखालचा कातळ दाखवला. जांभा सच्छिद्र असतो, उतार तीव्र, समुद्र जवळ. पाऊस येतो तसा निघून जातो. आबा काळ्या मातीतले. पावसाचं पाणी महिना-महिना धरून ठेवणारी जमीन त्यांना माहीत. गाडीत बसल्यावर ते बराच वेळ बोलले नाहीत, मग म्हणाले, "पाऊस पडून उपयोग न्हाई. ऱ्हायला पायजे."

मालवणला पोहोचलो तेव्हा अंधार पडला होता. सुरमई तव्यावरची, बांगड्याचं तिखलं, भात. आत्या शाकाहारी, तिला काजूची उसळ मिळाली आणि तिने ती उद्याही मिळेल ना, हे आधी विचारून घेतलं.

गुरुवार: सिंधुदुर्ग

आमच्या बेतात किल्ला शुक्रवारी होता. बुधवारी रात्री आबांनी पुन्हा अंदाज पाहिला आणि मच्छीमारांसाठीचा इशारा वाचला: शुक्रवारपासून किनाऱ्यालगत वादळी वारे, समुद्रात जाऊ नये. त्यांनी फर्मान काढलं, "किल्ला उद्याच करायचा." पहिल्या होडीने गेलो.

किनाऱ्याचं हवामान वाचायची ही पद्धत खरं तर सगळ्यात कामाची. पर्यटक पाऊस आहे का, एवढंच बघतात. होडी चालते ती वाऱ्यावर आणि लाटांवर. ऊन लख्ख असलं तरी वारा वाढला की होड्या बंद. बंदरावरचा बावटाही बघायला शिका: तीन नंबरचा बावटा लागला की हवा बिघडतेय. आणि मेच्या शेवटच्या आठवड्यात जलक्रीडा आणि किल्ल्याच्या होड्या मोसमापुरत्या बंदच होतात, तेव्हा तारखा बघून जा.

२५ नोव्हेंबर १६६४ रोजी शिवाजी महाराजांनी या किल्ल्याची पायाभरणी केली. चारी बाजूंनी खारं पाणी आणि आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी. कालचा टँकर डोक्यात असल्यामुळे आबा तटबंदीपेक्षा विहिरींपाशीच जास्त रमले. शिवराजेश्वराच्या मंदिरात आत काळोख आणि गारवा, बाहेर तटावर दहाच्या उन्हात पाच मिनिटं उभं राहवेना. भाचीला चक्कर आल्यासारखं झालं. मीठ-साखर-पाणी पाजलं, सावलीत बसवलं, बरी झाली. नुसतं पाणी पिऊन भागत नाही, घामाबरोबर मीठ जात असतं. ओआरएसच्या पुड्या खिशात ठेवा, पर्समध्ये नको, पर्स नेमकी गाडीत राहते.

संध्याकाळी बंदरावर एक म्हातारे तांडेल, म्हणजे होडीचे म्होरके, जाळं आवरत बसले होते. १ जूनपासून मासेमारी बंद, त्यामुळे होड्या वर ओढायची लगबग सुरू झालेली. आबा त्यांच्याजवळ जाऊन बसले. एक परभणीचा, एक मालवणचा, दोघांचीही बोली दुसऱ्याला अर्धीच कळत असावी. विषय हवामानाचा असल्याने काही अडलं नाही.

"तुमच्या मोबायलात काय पण दाखवूदे," तांडेल म्हणाले, "आता मेघ येतलो तो सह्याद्रीकडून. समुद्राकडून नाय. समुद्राकडून इलो की समजायचा, मान्सून इलो."

२०२५ ची आठवण त्यांनीच काढली. त्या वर्षी २४ मेला रत्नागिरीजवळ कमी दाबाचं क्षेत्र किनाऱ्याला लागलं आणि दुसऱ्याच दिवशी मान्सून देवगडपर्यंत आला. कित्येकांची जाळी आणि होड्या तशाच पाण्यात होत्या. २०२१ च्या तौक्ते वादळात घरावरचे पत्रे कसे उडाले, तेही सांगितलं. ते ऐकून आबांनी विचारलं, "मग भरवसा कुणाचा धरायचा?" तांडेल हसून म्हणाले, "दोगांचोय. मोबायलाचो आणि वाऱ्याचो."

शुक्रवार: पिवळा दिवस

सकाळपासून वारा नाही. समुद्र दिसायला शांत, पण होड्या बंद. किल्ल्यावर जायला आलेली पुण्याची दोन कुटुंबं जेट्टीवर वाद घालत होती. दुपारी खोलीबाहेर पडणं शक्यच नव्हतं. भिजवलेले कपडे कालपासून दोरीवर होते, आणि हात लावला की आपणच ओले व्हायचो. तीन वाजता आबा व्हरांड्यात खुर्ची टाकून समुद्राकडे तोंड करून बसले. मग तांडेल आठवले बहुतेक, खुर्ची उचलून घराच्या मागच्या बाजूला, डोंगराकडे नेली.

साडेचारला तिकडे काळं दाटलं. दामिनीवर कुडाळच्या बाजूला विजांच्या खुणा भरत गेल्या. गडगडाट ऐकू येत होता, वारा एकदम उलटा, जमिनीकडून सुटला, माडांच्या झावळ्या समुद्राकडे वळल्या, वाळत टाकलेला एक टॉवेल शेजारच्या माडीवर गेला. आणि पाऊस? मालवणात चार थेंब. कुडाळला मात्र धो-धो, असं रात्री हॉटेलवाल्याने सांगितलं.

भावाने लगेच निकाल दिला की अंदाज चुकला. आबांनी त्याला पुन्हा ती ओळ दाखवली: 'तुरळक ठिकाणी'. हवामान खात्याच्या भाषेत तुरळक म्हणजे त्या भागातल्या पाऊस मोजणाऱ्या केंद्रांपैकी फार तर २५ टक्के ठिकाणी. त्या २५ टक्क्यांत आपण असूच, असं कुणी लिहून दिलेलं नसतं. "आपल्याकडं न्हाई का, बांधाच्या अलीकडं पेरणीजोगा आन् पलीकडं फुफाटा," आबा म्हणाले. भाऊ गप्प बसला, पण टॉवेल आणायला गेला नाही. तो मलाच आणावा लागला.

रात्री दहानंतर मालवणलाही वीसेक मिनिटं चांगला बरसला. परभणीत पाऊस पडून गेला की गार वाटतं, माणसं बाहेर येऊन उभी राहतात. इथे थांबल्यावर उलट जास्त उबलं. आत्या भजी तळायला सांगणार होती, तिने बेत बदलून कोकम सरबत मागवलं.

शनिवार: फोंडा घाटाने वर

कणकवली, फोंडा घाट, दाजीपूर, राधानगरी, कोल्हापूर. घाटात पावसाने रस्ता धुतलेला, करवंदाच्या जाळ्या काळ्याभोर. एका बाईंकडून पानांच्या द्रोणातली करवंदं घेतली. दाजीपूरच्या जंगलाच्या वरच्या टप्प्यावर गाडी थांबवली आणि सगळ्यांना एकदमच जाणवलं की मनगटावरचं चिकटपण गेलंय. वहिनीने ओल्या कपड्यांची पिशवी काढून कपडे मागच्या काचेवर पसरले. राधानगरी येईपर्यंत अर्धे वाळले होते.

कपड्यांचं सांगायचं राहिलंच. कोकणात मे महिन्यात जीन्स नेऊ नका. पातळ सुती कपडे, नेहमीपेक्षा दीडपट, आणि अंतर्वस्त्रं दुप्पट, कारण वाळणार नाहीत. घामोळ्याची पावडर घरूनच न्या. सोबतचा खाऊ कोरडा हवा आणि डबा घट्ट झाकणाचा. आमच्या सगळ्या खाऊत शेवटपर्यंत फक्त शेंगदाण्याची चटणी टिकली, तिचाही गोळा झाला होता. आणि जमत असेल तर डिसेंबर-जानेवारीत जा. हापूस मिळणार नाही, पण झोप मिळेल.

रविवार: परभणी

सोलापूरला शेंगाभाजी आणि कडक भाकरी खाऊन आबांचा जीव भांड्यात पडला. परभणीत शिरलो तेव्हा दुपार होती, फोनवर ४२.

बुधवारी निघता-निघता काकूंनी आत्याला पिशवीभर आमसुलं दिली होती, अर्धवट वाळलेली, सोबत बाटलीत रस. "तुमच्याकडे नेऊन वाळवा," असं म्हणाल्या होत्या, थट्टेतच. आत्याने सोमवारी सकाळी गच्चीवर जुनं लुगडं अंथरून ती पसरली. दुपारी रसात बुडवून पुन्हा घातली. संध्याकाळी पुन्हा. मंगळवारी दुपारी दोनला उचलून बरणीत भरली, चुरचुरीत, काळीशार. मी फोटो काढून काकूंना पाठवला. पाचच मिनिटांत त्यांचा फोन आला, आत्यासाठी.

"पुढच्या वर्षी माझी सगळी कोकमं तिकडे पाठवते. वाहतुकीचं भाडं किती पडेल, ते तेवढं विचारून ठेवा."